थांबलेले टाके

उजवा हात मांडीवर ठेवा आणि मूठ मिटा. आवळू नका; आत चिमणीचं पिल्लू असल्यासारखी सैल राहू द्या. अंगठा बाहेरच असू द्या. आता नुसतं बघा, करंगळी शेजारच्या बोटाला कुठे टेकली आहे, मधलं बोट तळहाताला कुठे लागलं आहे. दोन-तीन श्वास जाऊ द्या. बोटांच्या फटींत ऊब धरायला लागते. ती कुठून आणलेली नाही, बोटांचीच आहे. एकमेकांना चिकटून बसल्यामुळे वाऱ्यावर गेली नाही, एवढंच. अंगठा मात्र एकटा बाहेर उभा आहे, आणि थंडीत सगळ्यांत आधी तोच गार पडतो.

ज्या वस्तूपाशी आज थोडा वेळ बसायचं आहे, ती इतकीच आहे. चार बोटांना मिळून एक खोली, अंगठ्याला शेजारी दुसरी. इंग्रजीत मिटन. आमच्या घरात या शब्दाची फोड ‘मूठ मिटली की मिटन’ अशी झाली, आणि व्युत्पत्ती सपशेल खोटी असूनही ती कुणाला सोडवत नाही. पाच बोटांचे हातमोजे ऐटबाज खरे, पण त्यांत प्रत्येक बोट आपापल्या नळीत एकटं कुडकुडतं. पारा उणे दहाखाली गेला की ऐट संपते.

मी मध्य नॉर्वेत, ट्रॉन्डहाइममध्ये राहते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य दहाच्या सुमारास उगवतो आणि अडीचच्या सुमारास मावळतो. मधल्या साडेचार तासांतही तो वर असा चढत नाही, समोरच्या टेकडीच्या कडेकडेने सरकत राहतो. म्हणजे मुलांना सोडायला जाताना अंधार, आणायला जाताना अंधार. अशा दिवसांत घरातला दिवा हाच सूर्य, आणि दिव्याखालची खुर्ची कुणी पकडायची यावरून भांडणं.

आमच्या घरी सकाळी सात ते आठ या तासात ध्यानधारणेला अजिबात वाव नसतो. धाकट्याला बालवाडीत सोडायचं म्हणजे आधी लोकरीचा आतला कपडा, त्यावर लोकरीची विजार, त्यावर मोठा जाड झगा, बूट, टोपी, गळपट्टा, आणि सगळं चढवून झालं की ‘आई, शू’. इथल्या बालवाडीत मुलं कुठल्याही हवेत बाहेर खेळतात, त्यामुळे यातला एकही थर गाळता येत नाही. मोठीला शाळेची बस. नवऱ्याची बैठक. कुकरच्या शिट्ट्या. आणि या सगळ्यात दारातल्या टोपलीत मोजे सहा, पण सहाही वेगवेगळ्या जोड्यांतले. म्हणून मी विणायला घेतले. विकतचे महाग होते असं नाही. एकाच रंगाचे चार-पाच विणले, तर एक हरवला तरी उरलेल्यांची जोडी जुळते, असा साधा हिशेब होता. कलाबिला नंतर आली.

आता मूठ उघडा आणि दोन्ही हात समोर धरा. हातांत सुया आहेत असं समजा. दोन नव्हेत, पाच. दोन्ही टोकं निमुळती असलेल्या, वीतभर लांबीच्या. चाळीस टाके घातलेत. चार सुयांवर दहा-दहा. चार सुयांचा चौकोन झाला आहे आणि पाचवी रिकामी आहे. सगळं विणकाम या रिकाम्या सुईवर चालतं: ती दहा टाके उचलते, तेवढ्यात दुसरी रिकामी होते, मग तिची पाळी.

पहिला फेरा जोडण्याआधी थांबा. चौकोन टेबलावर ठेवा आणि बोट फिरवून बघा, टाक्यांची कडा सगळीकडे आत वळलेली आहे ना. कुठे पिळली असेल आणि तशीच जोडली, तर तो पीळ पुढे कशानेही निघत नाही. आणि दिसतो मात्र चार-पाच फेऱ्यांनंतर, जेव्हा नळीऐवजी चक्क आठाचा आकडा तयार होतो. मी तीनदा उसवला आहे. तिन्ही वेळा घाईत होते, आणि तिन्ही वेळा मला घाईत असल्याचं माहीत होतं.

मनगटाचा भाग दोन सुलट, दोन उलट. ध्यान शिकलेल्या माणसाला इथे हमखास श्वास आठवतो: दोन सुलट आत, दोन उलट बाहेर. करून बघा. पहिले चार टाके छान जमतात. दुसरे चारही. सुई सुईवर घासल्याचा बारीक आवाज येतो, लोकर तर्जनीवरून सरकते, खांदे आपोआप खाली येतात. मग नवव्या टाक्याला घरातून हाक येते.

खरं मनन इथून सुरू होतं, कारण आमच्यासारख्यांच्या घरात नववा टाका हाच नियम आहे. निवांतपणाबद्दल लिहिणारे लोक हाक आलीच नाही असं गृहीत धरून लिहितात. त्यांच्या घरी दूध उतू जात नसावं.

हाक आली की हातातलं ठेवायचं. कसं ठेवता? जरा आठवून बघा. आज सकाळपासून हातातलं काय काय खाली ठेवलंत: भाजीची सुरी, फोन, अर्धवट वाचलेलं पान, कुणाशी तरी चाललेलं बोलणं. त्यांतल्या कशाला नीट जागा दिलीत, आणि काय नुसतं टाकलंत? उत्तर द्यायची घाई नाही. चुकलं असंही नाही. फक्त हातांना ते आठवू द्या. टाकताना मनगटाला एक झटका बसतो. ठेवताना बसत नाही.

पाच सुयांचं विणकाम टाकता येत नाही. मधल्याच टाक्यावर हात सोडले की गुळगुळीत सुई घसरते, दहा टाके उघडे पडतात आणि एकेक घर खाली गळत जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी ओरडायचे, ‘थांबा रे!’ दुसऱ्या आठवड्यात शब्द बदलले: ‘एवढी सुई होऊ दे.’ हे शब्द माझे नाहीत. ‘एवढी पोळी होऊ दे’ म्हणणाऱ्या प्रत्येक बाईचे आहेत. तव्यावर पोळी असताना माणूस उठत नाही, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. तसंच सुईचं झालं. एक सुई म्हणजे दहा टाके, म्हणजे अर्धं मिनिट. धाकट्याला घड्याळ कळत नाही, पण सुई कळते. परवा बूट घालताना मीच घाई केली, तर तो म्हणाला, ‘आई, दोन सुया थांब.’

थांबले. दोन सुया हा फार मोठा वेळ असतो, हे मला दारात उभं राहून कळलं.

सासूबाई यंदा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या आहेत. साताऱ्याकडच्या, माणदेशातल्या. त्यांच्या लहानपणी मेंढरांमागे चालणारे धनगर चालता चालता लोकर कातायचे. हात मोकळा राहिला तर त्यांनाच चुकल्यासारखं होई, असं त्या सांगतात. माझी लोकर त्यांनी दोन बोटांत चोळून बघितली आणि निकाल दिला: ‘मऊ आहे. पण घोंगडीला पाऊस लागत नाही.’ मी इथल्या लोकरीची बाजू मांडली, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिते, तरी हाताला ओली लागत नाही. ‘आमच्या मेंढरांनाही ते माहीत आहे,’ म्हणाल्या.

त्यांनी आयुष्यभर विणलं ते दोन लांब सुयांवर: पाठ वेगळी, पोट वेगळं, बाह्या वेगळ्या आणि शेवटी शिवण. कुंच्या, टोपडी, नातेवाइकांच्या बाळांचे स्वेटर. गोल विणकाम बघून त्यांनी मोजा उलटा केला, आत बोट घातलं, पुन्हा सुलटा केला. ‘अगं, शिवण कुठे गेली?’ शिवण नाहीच म्हटल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे कापडाला सुरुवात-शेवट कळतच नाही.’

इथे एक गंमत झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या लोकर उजव्या हातात धरतात आणि सुईवर फेकल्यासारखी टाकतात. आपल्याकडे बहुतेक बायका तशाच विणतात. मी शिकले इथल्या शेजारणीकडून, म्हणून लोकर डाव्या तर्जनीवर ताणून धरते आणि सुईने ओढून घेते. दोघींना एकमेकींचं बघून कसंतरी व्हायचं. पण मोज्यावर दोन रंगांची नक्षी घालायची, तर दोन्ही पद्धती एकाच माणसाला लागतात: काळा धागा डाव्या हातात, पांढरा उजव्या. मग गुंता होत नाही. तेव्हा मी त्यांचा हात शिकले, त्या माझा. आता संध्याकाळी दिव्याखाली आम्ही दोघी बसतो आणि कोण कुठली पद्धत घेऊन आलं, हे हातांकडे बघून सांगता येत नाही.

मोजा उलटा करा. मनातल्या मनात. नक्षी बाहेरच्या बाजूला असते. आत असतात आडवे धागे. पांढरा टाका चालू असताना काळा धागा मागून आडवा जातो, काळा चालू असताना पांढरा. दिसत नाही तेव्हाही तो बरोबर चालतच असतो. घट्ट ओढलात तर मोजा आक्रसतो, फार सैल सोडलात तर मुलाची बोटं त्यात अडकतात. हे आतले धागेच मोज्याला दुहेरी जाडी देतात. नक्षीच्या मोज्यात हात जास्त गरम राहतो तो त्यामुळे. घरातलं जे माणूस या क्षणी तुमच्या नजरेसमोर नाही, ते कुठल्या खोलीत, काय करत आहे? उठून बघू नका. कान द्या फक्त. नळ वाहतो आहे का, पान उलटल्याचा आवाज येतो आहे का. तो धागा किती ताणलेला आहे, ते बघा.

नामदेवांची एक रचना आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या एकसष्ट रचना आहेत, त्यांतली एक. कागदाचा पतंग करून मुलगा उडवतो, सोबत्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीत. पोरी पाण्याचे घडे घेऊन हसत-खिदळत येतात, चित्त घड्यात. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. आणि शेवटी येते ती आई: बाळ पाळण्यात, ती आतबाहेर कामात गढलेली, चित्त मात्र बाळाकडे. पंढरपूरच्या या संताने चित्ताच्या एकाग्रतेचा दाखला द्यायला गुहेतला तपस्वी घेतला नाही, घाईत असलेली बाई घेतली. मला ते पहिल्यांदा वाचताना रागच आला होता. बाईची फरफट, आणि तिलाच दाखला करायचं! आता वाटतं, त्यांनी फरफटीचं कौतुक केलेलं नाही. आतबाहेर करणारे पाय आणि एका जागी असलेलं चित्त या दोन गोष्टी एका वेळी असू शकतात, एवढंच त्यांनी नोंदवलं आहे; आणि ते त्यांना ठाऊक होतं, कारण असं घर त्यांनी पाहिलं होतं.

तर, पायांना आतबाहेर करू द्या. टाके सुईवर आहेत.

पांढऱ्यावर काळी, आठ पाकळ्यांची चांदणी असलेले मोजे आज नॉर्वेची खूण म्हणून विकले जातात. ते सेल्बूचे, इथून गाडीने तासाभराच्या आतलं गाव. 1857 साली मारित गुल्डसेथ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने दोन रंगांत असे मोजे विणले, आणि ती व तिच्या बहिणी ते घालून चर्चला गेल्या, अशी त्यांची जन्मकथा सांगतात. बाकीच्या पोरींनी त्या दिवशी प्रवचन किती ऐकलं असेल, देव जाणे. पुढे गावभर हे विणकाम पसरलं, मोजे बाहेर विकले जाऊ लागले, आणि 1934 साली सेल्बूत त्यांच्या खरेदी-विक्रीसाठी, दर्जा राखण्यासाठी संस्था उभी राहिली. याच सेल्बूच्या डोंगरात पुरुष जात्याचे दगड काढायचे. जात्यांचं गाव आणि सुयांचं गाव एकच. सासूबाईंना हे फार पटलं.

पण दिव्याखाली विणणाऱ्या त्या बायकांचं चित्र फार गोड करून घ्यायला माझं मन तयार होत नाही. गोठ्याचं काम उरकून, मुलं निजवून, डोळे ताणून विणलेल्या त्या जोड्यांवर घरात मीठ-साखर यायची. मला हात दुखला की मी ठेवून देते. त्यांना जोडी पुरी करायची असे. ज्याला मी विसावा म्हणते, ते त्यांच्यासाठी दिवसभरातलं आणखी एक काम होतं. आणि तरीही त्यातल्या कुणीतरी तळव्यावर, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे चौकडी बदलून बघितली. जुने मोजे पाहताना अशी बदललेली चौकडी दिसली की मला फार बरं वाटतं. पैसे तेवढेच मिळणार होते.

आता अंगठा. तळवा अर्धा झाला की अंगठ्याची जागा येते, आणि इथे एक विचित्र गोष्ट करायची असते. आठ-नऊ टाके विणायचे, पण चालू धाग्याने नव्हे. दुसऱ्याच रंगाच्या, वेगळ्या, तुकड्याच्या धाग्याने. मग ते टाके पुन्हा डाव्या सुईवर घ्यायचे आणि चालू धाग्याने त्यावरून असं विणत जायचं, जणू अंगठा नाहीच. पुढे चार बोटांची खोली पुरी करायची, शेंडा मिटवायचा, धागा तोडायचा. हे सगळं होईपर्यंत अंगठ्याची जागा त्या लाल तुकड्यावर थांबलेली असते. चार दिवस. आमच्याकडे एकदा तीन आठवडे.

थांबलेले टाके उसवत नाहीत, कारण त्यांच्यातून एक धागा गेलेला असतो. विसरलेले टाके उसवतात.

इथे थोडं बसू या. तुमच्याकडे अशा धाग्यावर काय थांबलेलं आहे? जे होणार आहे, पण आज नाही. मोठं काही शोधू नका. माझ्या धाग्यावर मोठीची बाराखडी आहे. सप्टेंबरात आम्ही ‘त’पर्यंत आलो आणि मग शाळा, सर्दी, पाहुणे, अंधार. वहीत ‘त’ तसाच आहे, शेवटच्या काडीला जरा कलता. मी त्या पानावर खूण म्हणून लाल लोकरीचा तुकडा ठेवला आहे. तुमचं जे असेल, त्याचं नाव मनात एकदा घ्या. त्याला खूण आहे का, बघा. नसेल तर आज तेवढीच ठेवा. टाके उचलायची घाई नाही.

मग एका संध्याकाळी तो लाल धागा उसवायचा असतो. सुईच्या टोकाने एकेक घर सोडवत जायचं, आणि वर-खाली दोन्ही बाजूंचे टाके उघडे, जिवंत, समोर येतात. पूर्ण झालेल्या मोज्याला आपण स्वतःच भोक पाडतो आहोत, असं पहिल्या खेपेस वाटतं. सासूबाईंनी डोळेच मिटून घेतले होते. टाके सुयांवर घेतले, वीसेक फेरे झाले, शेवटच्या सहा टाक्यांतून धागा ओवून ओढला, अंगठ्याचं तोंड बंद. कोपऱ्यांत दोन छोटी भोकं राहतातच. उरलेल्या धाग्याने शिवून टाकायची.

दुसऱ्या मोज्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो पहिल्यासारखाच असतो, आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. तो विणावा लागतो.

जोडी सोमवारी पुरी झाली. बुधवारी एक हरवला. धाकट्याने ‘बर्फाने घेतला’ असं सांगितलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती असं त्याचं म्हणणं. मी चाळीस टाके पुन्हा घातले.

शुक्रवारी त्याला आणायला निघाले तेव्हा चार वाजले होते, म्हणजे रात्रच. बालवाडीच्या वळणावर लाकडी कुंपण आहे. इथे वाटेत सापडलेला मोजा कुणी पायाखाली राहू देत नाही. उचलून जवळच्या खांबावर चढवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेलसा. तिसऱ्या खांबावर आमचा होता. कुणी तरी तो पुरता खाली ओढून नीट बसवला होता, मनगटाचे दोन सुलट दोन उलट सरळ रेषेत, अंगठा रस्त्याच्या बाजूला. वर बोटभर बर्फ साचला होता. मी झटकून काढला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

त्याला दाखवला तेव्हा तो अजून कडक होता. तरी त्याने तिथेच चढवला. अंगठ्याच्या खोलीत बर्फ गेलेला होता. त्याने जरा विचार केला, अंगठा तिथून काढून घेतला आणि चार बोटांच्या खोलीत सरकवला. मोज्याचा रिकामा अंगठा हलवत तो घरापर्यंत माझ्यापुढे चालला.